गुणी पण हट्टी गडी: ठेवावा कीं काढावा?

(सुवर्णमहोत्सवानिमित्त धर्मग्रामाच्या तरुण मंडळापुढें झालेलें भाषण)



महोत्सवाच्या ह्या मंगल प्रसंगीं वडील मंडळींस व तरुणांस एकत्र बसलेले पाहून आम्हांस परम संतोष होत आहे. आज खेळाविषयीं चार शब्द बोलावे अशी आपली इच्छा आहे. धर्मगुरूनें खेळाविषयीं काय बोलावें, अशी शंका कोणाच्या मनांत येईल. परंतु जेथें नऊ किंवा अकरा गडी एका हेतूनें एकत्र येतात, तेथें आज्ञापालन, न्याय, क्षमा आणि अहंकार हे विषय न बोलावितां उपस्थित होतात. आणि हे विषय तर आमच्याच प्रांतांतले आहेत.

प्रश्न असा आहे. एका संघांत एक गडी आहे. त्याच्या तोडीचा दुसरा नाहीं. पण तो वेळेवर येत नाहीं, पंचाशीं भांडतो, वरिष्ठांचें ऐकत नाहीं. त्यास संघांत ठेवावें कीं काढून टाकावें? एक पक्ष म्हणतो, “सामना तोच जिंकून देतो, त्याचें सर्व कांहीं पोटांत घाला.” दुसरा म्हणतो, “एक नासका आंबा सारी आढी नासवितो, त्यास आजच बाहेर काढा.” ऐकतांना दोन्ही पक्षांचें म्हणणें खरें वाटतें. म्हणून नुसत्या तर्कानें निर्णय न करितां आपण प्रत्यक्ष घडलेली एक गोष्ट पाहूं. ती अमेरिकेंतील बेसबॉल ह्या खेळांतली आहे. तीच निवडण्याचें कारण इतकेंच कीं, एकच गडी, तेच गुण व तेच दोष घेऊन, दोन संघांत एकामागून एक राहिला, आणि दोहोंचा परिणाम आज आपणांपुढें आहे.

ह्या खेळांत नऊ नऊ गड्यांचे दोन संघ असतात. चेंडू फेकणाऱ्यास पिचर म्हणतात. बॅट घेतलेल्या गड्यानें चेंडू थेट मैदानाच्या कुंपणापार टोलविला कीं त्यास होम रन म्हणतात. इतकें ध्यानांत ठेविलें म्हणजे पुढील कथा समजण्यास पुरेसें आहे.

जॉर्ज हर्मन रूथ, ज्यास जग ‘बेब’ ह्या नांवानें ओळखतें, हा १८९५ सालीं बाल्टिमोर शहरीं जन्मला. बापाचा दारूच्या गुत्त्याचा धंदा होता. मुलगा रस्त्यावर वाढूं लागला व अनावर ठरला. सात वर्षांचा असतां, १९०२ सालीं, त्यास सेंट मेरीज इंडस्ट्रियल स्कूल ह्या संस्थेंत ठेवण्यांत आलें. ती संस्था झेवेरियन ब्रदर्स ह्या आपल्या धर्मबंधूंच्या हातीं होती. तेथें शिस्त राखण्याचें काम ब्रदर मथायस ह्यांजकडे होतें. हे गृहस्थ सहा फुटांहून पुष्कळ उंच, देहानें धिप्पाड व वाणीनें शांत होते. त्यांच्याच देखरेखीखालीं रूथ बॅट धरण्यास शिकला. त्याच संस्थेंत सदरे शिवण्याचें कामहि शिकला. पुढें त्याची कीर्ति दिगंत पसरल्यावरहि, आपल्या पाहण्यांतला सर्वांत थोर पुरुष कोण, असें विचारिलें असतां तो ब्रदर मथायस ह्यांचेंच नांव घेत असे. ज्यास इतर लोक अनावर म्हणत, त्यास आवरणारा एक मनुष्य होता. ही गोष्ट आरंभींच लक्षांत ठेवावी.

१९१४ सालीं रूथ बॉस्टन शहराच्या रेड सॉक्स संघांत आला. पिचर म्हणून त्यानें १९१६ सालीं २३ व १९१७ सालीं २४ सामने जिंकून दिले. तो त्या संघांत असतां बॉस्टननें १९१५, १९१६ व १९१८ ह्या तीन वर्षीं जागतिक अजिंक्यपद मिळविलें. परंतु गुणांच्या पावलावर पाऊल टाकून दोषहि आले. २३ जून १९१७ रोजीं पहिल्याच प्रतिस्पर्ध्याच्या वेळीं त्याचा पंचाशीं वाद झाला. पंचानें त्यास मैदानाबाहेर जाण्यास सांगतांच त्यानें पंचावर हात टाकिला. त्याच्या जागीं अर्नी शोर नांवाचा पिचर उभा राहिला. रूथनें पहिल्या तळावर जाऊं दिलेला गडी धांवतांना बाद झाला, आणि त्यानंतरचे सव्वीसच्या सव्वीस गडी शोरनें ओळीनें बाद केले! कोणीहि मनुष्य संघास अपरिहार्य नसतो, हें त्या दिवशीं बॉस्टनच्या लोकांनीं डोळ्यांनीं पाहिलें.

१९१८ सालीं व्यवस्थापक एड बॅरो ह्यांजशीं भांडून रूथ संघ सोडून निघून गेला आणि एका जहाजाच्या कारखान्याच्या संघांतून खेळण्याची धमकी देऊं लागला. कांहीं दिवसांनीं परत आला. १९१९ सालीं त्याच्या रात्रीं उशिरा परतण्यावरून पुन्हां कलह झाला. त्याच वर्षीं त्यानें २९ होम रन मारिले. तोंवर एका हंगामांत इतके कोणींहि मारिले नव्हते. आतां ह्याच वर्षींची दुसरी बाजू पाहा. एवढा पराक्रमी गडी असतांहि बॉस्टनचा संघ आठ संघांच्या लीगमध्यें सहावा आला. वर्षास १०,००० डॉलरांप्रमाणें तीन वर्षांचा करार नुकताच झालेला असतां रूथ आतां दुप्पट मागूं लागला.

संघाचे मालक हॅरी फ्रेझी हे नाटकांचा धंदा करणारे गृहस्थ होते, व संघाच्या खरेदीचें देणेंहि त्यांजवर होतें. त्यांनीं डिसेंबर १९१९ मध्यें एक लाख डॉलर घेऊन रूथ न्यूयॉर्कच्या यांकीज संघास विकला, व शिवाय आपल्या मैदानाच्या गहाणावर त्याच संघाच्या मालकांकडून मोठें कर्ज घेण्याचें ठरविलें. ५ जानेवारी १९२० रोजीं ही वार्ता प्रसिद्ध झाली. रूथ स्वार्थी आहे, इतरांचा विचार करीत नाहीं, असें कारण फ्रेझी ह्यांनीं लोकांस सांगितलें. तें कारण खोटें नव्हतें. परंतु त्यांत गहाणाचा उल्लेख नव्हता.

एवढ्यावरून फ्रेझी ह्यांस मूर्ख ठरविणें न्यायाचें होणार नाहीं. ज्या गड्यासह संघ सहावा येतो, त्यावांचूनहि तो सहावा येऊं शकेल, हा हिशेब चुकीचा नाहीं. पण सहा महिन्यांपूर्वींची एक गोष्ट ह्यासोबत पाहिली पाहिजे. जुलै १९१९ मध्यें बॉस्टनचा दुसरा नामांकित पिचर कार्ल मेज हा शिकागो येथें भर सामन्यांत मैदान सोडून गेला व परत येईना. त्यास शासन करावयाचें सोडून बॉस्टननें महिना संपण्यापूर्वीं तोहि न्यूयॉर्कलाच विकला. ज्यानें आपले कर्तव्य टाकून दिलें, त्यास बक्षीस म्हणून हवी ती जागा मिळावी काय, असा आक्षेप लीगच्या अध्यक्षांनीं घेतला. प्रकरण न्यायालयापर्यंत गेलें, पण मेज न्यूयॉर्ककडेच राहिला. म्हणजे बॉस्टनमध्यें हट्टी मनुष्यास नियम लागत नव्हता, केवळ किंमत लागत होती.

पुढें काय झालें? १९२० सालीं रूथनें न्यूयॉर्कसाठीं ५४ होम रन मारिले. त्या लीगमधील दुसऱ्या कोणत्याहि संपूर्ण संघानें मिळूनहि इतके मारिले नाहींत. इकडे बॉस्टनची विक्री चालूच राहिली. वेट हॉइट, जो बुश, सॅम जोन्स, हर्ब पेनॉक असे शांत व उपयोगी गडीहि एकामागून एक न्यूयॉर्कला गेले. स्वतः बॅरोदेखील तिकडे गेले. १९२२ ते १९३२ ह्या अकरा हंगामांपैकीं नऊ हंगामांत बॉस्टन आपल्या लीगमध्यें शेवटचें आलें. १९१८ नंतरचें त्यांचें पहिलें जागतिक अजिंक्यपद २००४ सालीं आलें. ८६ वर्षांच्या ह्या दुष्काळास पुढील पिढीचे लोक रूथचा शाप म्हणूं लागले. आपण ख्रिस्ती लोक अशा शापांवर विश्वास ठेवीत नाहीं. येथें शाप कसला? एका हट्टी गड्यास काढिल्यानें संघ शुद्ध झाला नाहीं. कारण जो रोग होता तो गड्याइतकाच मालकाच्या कारभारांतहि होता.

आतां न्यूयॉर्ककडे वळूं. तेथें जाऊन रूथ साधुसंत झाला काय? मुळींच नाहीं. १९२१ च्या अखेरीस त्यानें नियम मोडून प्रदर्शनीय सामन्यांचा दौरा काढिला. त्याबद्दल कमिशनर लँडिस ह्यांनीं १९२२ च्या हंगामाच्या आरंभीं त्यास कित्येक आठवडे खेळूं दिलें नाहीं. परत येतांच त्यास कप्तान नेमिलें. थोड्याच दिवसांत त्यानें पंचावर माती फेकिली, टवाळी करणाऱ्या प्रेक्षकाच्या अंगावर धांवून गेला, आणि कप्तानपद गमाविलें. न्यूयॉर्कनेंहि त्यास पुष्कळ दिवस लाडावून ठेविलें होतें, हें कबूल केलें पाहिजे. आणि १९२५ सालीं त्याचें फळ त्यांस मिळालें. त्या वर्षीं रूथ आजारी पडला, बरा होऊनहि ताळ्यावर येईना, आणि संघ सातव्या स्थानीं घसरला.

व्यवस्थापक मिलर हगिन्स हे लहानखुरे, किरकोळ अंगाचे गृहस्थ होते. रूथ त्यांची उघड थट्टा करी. २९ ऑगस्ट १९२५ रोजीं सेंट लुइस येथें रूथ पुन्हां उशिरा आला. तेव्हां हगिन्स ह्यांनीं त्यास ५,००० डॉलर दंड करून बेमुदत निलंबित केलें. रूथ संतापून, एक तर हगिन्स राहील नाहीं तर मी, अशी भाषा बोलत मालक जेकब रुपर्ट ह्यांजकडे धांवला. बंधूंनो, ह्या सर्व कथेचा कणा येथें आहे. मालकाच्या एका हातीं देशांतला सर्वांत मोठा गडी होता, दुसऱ्या हातीं एक अशक्त दिसणारा व्यवस्थापक. रुपर्ट ह्यांनीं व्यवस्थापकाचा हात धरिला. पण त्यांनीं रूथला विकलेंहि नाहीं. दाराबाहेर ठेविलें, आणि दार उघडें ठेविलें. कांहीं दिवसांनीं रूथनें हगिन्स ह्यांची क्षमा मागितली व तो संघांत परतला. पुढल्या वर्षीं संघ लीगमध्यें पहिला आला. १९२७ सालीं रूथनें ६० होम रन मारिले, आणि १९२७ व १९२८ ह्या दोन्ही वर्षीं न्यूयॉर्क जागतिक अजिंक्य ठरलें.

ह्यावरून आमचा निर्णय असा. गुणी पण हट्टी गड्यास ठेवावें; परंतु नियमासह ठेवावें. नियम शिथिल करून त्यास ठेवणें म्हणजे वेळेवर येणाऱ्या इतर आठ जणांवर अन्याय करणें होय. आणि नियम लावून पाहण्यापूर्वींच त्यास काढणें म्हणजे आपल्या दुबळेपणास शिस्तीचें नांव देणें होय. काढण्याची वेळ येतच नाहीं असें आमचें म्हणणें नाहीं. जो न्याय्य शिक्षेनंतरहि वांकत नाहीं, किंवा ज्याचा त्रास त्याच्या स्वतःच्या अंगावर न पडतां दुबळ्या सोबत्यांच्या अंगावर पडतो, त्यास निरोप द्यावा. परंतु तो देतांना खरें कारण सांगावें, आणि मनांत गहाण असतां ओठावर शिस्त आणूं नये.

आणखी एक गोष्ट. संघांत ठेवणें वेगळें आणि अधिकार देणें वेगळें. १९२९ सालीं हगिन्स वारले, तेव्हां व्यवस्थापकाची जागा आपणांस मिळावी अशी रूथची फार इच्छा होती. ती त्यास तेव्हां मिळाली नाहीं व नंतरहि कधीं मिळाली नाहीं. त्याचें त्यास जन्मभर दुःख होतें. आम्हांसहि त्याचें वाईट वाटतें, तथापि त्यांत अन्याय झाला असें आम्हांस म्हणवत नाहीं. जो पुष्कळ वर्षें आज्ञा मोडीत आला, त्याच्या आज्ञेवर लोकांनीं विश्वास ठेवण्यास कांहीं काळ जावा लागतो. मात्र ह्याच मनुष्यानें, आपली जुनी शाळा १९१९ च्या आगींत जळाल्यावर, पुढल्या वर्षीं तेथील मुलांचा बँड संघासोबत गांवोगांव फिरवून तिच्यासाठीं पैसा जमविला, हेंहि विसरूं नये. हट्टी मनुष्य कृतघ्न असतोच असें नाहीं.

आतां शेवटीं आपल्या घरचें बोलूं. आमच्या तरुण मंडळांत, गायनवृंदांत, नाट्यमंडळांत असे गुणी व अवघड तरुण आहेत आणि पुढेंहि असतील. त्यांचीं नांवें आम्ही घेत नाहीं. तीं आपणां सर्वांस ठाऊक आहेत, आणि ते स्वतःहि ह्या क्षणीं जरा खालीं पाहत असतील. त्यांस आम्ही सांगतों कीं, तुमच्यासाठीं आमचें दार बंद होणार नाहीं. कप्तानांस सांगतों कीं, नियम आधीं सर्वांस सांगा, आणि मग तो आवडत्या गड्यासहि लावा. आणि आईबापांस नम्र विनंति करितों कीं, कप्तानानें तुमच्या मुलास एक सामना बाहेर बसविलें, तर त्याची तक्रार घेऊन आमच्याकडे येऊं नये. आलांत तर आदरानें आसन देऊं, चहा देऊं, सर्व ऐकून घेऊं. परंतु हात कप्तानाचाच धरूं. मुलगा पुढच्या सामन्यास परत आला कीं त्याचें स्वागत करण्यास मात्र सर्वांच्या पुढें आम्हीच असूं.

परमेश्वर आपल्या धर्मग्रामास असे कप्तान देवो, असे वडील देवो, आणि असे गडीहि देवो. इतकें बोलून आम्ही आपली रजा घेतों.