पोती मोजणारे आपण



कृष्णा-पंचगंगेच्या संगमाच्या या शिरोळ तालुक्यात तुमचं मनापासून स्वागत. रासायनिक खत कमी करा, हे सांगणाऱ्या परिषदेचा स्वागताध्यक्ष म्हणून माझं नाव ठरलं, तेव्हा सगळ्यात मोठ्यानं हसले ते आमचे थोरले बंधू. कारण आमच्या गावात युरियाचं माझ्याएवढं मोठं गिऱ्हाईक दुसरं नव्हतं.

आडसाली उसाला हेक्टरी 400 किलो नत्राची शिफारस आहे. म्हणजे एकरी साधारण पावणेआठ पोती युरिया. मी बारा टाकत होतो, आणि डीएपी, 10:26:26 या खतांतलं नत्र त्यात धरलेलंच नाही. 2018 साली युरियाचं पोतं 50 किलोवरून 45 वर आलं. शेतकरी किलो नाही, पोती मोजतो, तेव्हा वापर आपोआप घटेल, असा सरकारचा हिशेब होता. मी एक पोतं वाढवून तो हाणून पाडला. 266 रुपये 50 पैशांना पोतं मिळत असताना हात कोण आखडता घेतो?

पण नुसत्या स्वस्ताईनं नाही, मला नादाला लावलं ते बांधापलीकडच्या उसानं. शेजाऱ्याच्या पिकाला आपल्यापेक्षा जास्त काळोखी दिसली की झोप उडते. मग सकाळी उठून ओल्या सरीत वरूनच युरिया फोकायचा. पुढं दोन दिवस रानात नाकाला झोंबणारा वास. मला वाटायचं, खत लागू पडलं! तो अमोनिया होता. माझेच पैसे वाऱ्यावर चालले होते.

आज तज्ज्ञ मंडळी बोलतील, त्यांचा वेळ मी खात नाही. एवढंच सांगतो, की बारा पोती एकदम बंद करा असं इथं कुणी सांगितलं तर मीच पहिला उठून जाईन. मी दहा गुंठ्यांपासून सुरुवात केली. माती तपासली. बेणं अ‍ॅसिटोबॅक्टर जिवाणूच्या द्रावणात अर्धा तास बुडवून लावलं. त्यानं नत्र निम्म्यावर आणता येतं, अशी राहुरीच्या विद्यापीठाची शिफारस आहे. ऊस तुटल्यावर पाचट पेटवलं नाही, सरीत दाबलं. गंमत अशी, की ते कुजवायलासुद्धा थोडा युरिया लागतोच. तेव्हा युरियाशी वैर नाही, अतिरेकाशी आहे. पहिल्या वर्षी वजन थोडं घटलं, ते लपवत नाही. दुसऱ्या वर्षी बरोबरीला आलं आणि खताची उधारी निम्मी झाली.

या तालुक्यात क्षारपड रानं किती आहेत, ते येताना रस्त्याकडेला तुम्ही पाहिलंच असेल. मिठासारखा पांढरा थर आणि मधे एखादी वेडी बाभूळ. त्याचं खापर एकट्या खतावर फोडणार नाही. पाटानं मोकाट सोडलेल्या पाण्याचा हात त्यात मोठा. पण पाणी आणि पोती, दोन्ही आपण हात सैल सोडूनच दिली.

जेवणात भाकरी, झुणका आणि भरलं वांगं आहे. त्यानंतर ट्रॅक्टर-ट्रॉल्या आमच्या रानाकडं निघतील. दहा गुंठे आणि शेजारचं जुन्या पद्धतीचं रान, दोन्हीकडं खोरं ठेवलंय; ज्यानं त्यानं माती उकरून बघावी. कालच पाणी दिलंय, चपला हातात घ्याव्या लागतील.