वेठ : तलासरीतली आणि अलाबामातली

आमच्या डहाणू-तलासरीकडे अमेरिकेचा विषय निघाला की गप्पा दोनच गोष्टींवर जातात. तिथला डॉलर आणि तिथला अध्यक्ष. मी आज तिसऱ्याच गोष्टीबद्दल बोलणार आहे. ती म्हणजे वेठ.

तलासरी तालुक्यात मी तीस वर्षं मास्तरकी केली. निवृत्तीनंतर, २०२२ साली, मुलाकडे अमेरिकेत अलाबामा राज्यात तीन महिने राहण्याचा योग आला. हे दक्षिणेतलं, कापसाचं राज्य. रस्ते सुरेख, पण गाडी नसेल तर माणूस घरातच अडकतो. दूध आणायलासुद्धा गाडी काढावी लागते. शेजारी एक कृष्णवर्णीय आजी राहत होत्या. त्यांचे आईवडील दुसऱ्याच्या जमिनीवर अर्धेलीनं कापूस पिकवायचे. बियाणं, खाणंपिणं सगळं मालकाच्या दुकानातून उधार, आणि हंगामाच्या शेवटी हिशेब मालकाच्याच वहीत. हे ऐकताना मला आमच्याकडची खावटी आठवली. पावसाळ्यात धान्य उसनं घ्यायचं आणि सुगीला दिढीनं फेडायचं. भाषा निराळी, वही तीच.

८ नोव्हेंबर २०२२ ला तिथे मतदान होतं. राज्याच्या राज्यघटनेची सुधारलेली संहिता मंजूर करायची की नाही, हाही प्रश्न मतपत्रिकेवर होता. जुन्या संहितेत गुन्ह्याची शिक्षा म्हणून सक्तीच्या श्रमाला मुभा होती; नव्या संहितेतून ती काढली होती. अलाबामाच्या मतदारांनी ती मंजूर केली. त्याच दिवशी टेनेसी, ओरेगन आणि व्हरमाँट या राज्यांनीही तसाच कौल दिला. लुइझियानात मात्र असाच प्रस्ताव नामंजूर झाला. मी चकित झालो. अमेरिकेतली गुलामगिरी १८६५ सालीच संपली ना?

संपली, पण घटनेच्या तेराव्या दुरुस्तीत शिक्षेपुरता अपवाद राहिला. मग दक्षिणेतल्या राज्यांनी कामधंदा नसणं, भटकणं हेच गुन्हे ठरवले. माणसं पकडायची आणि कैदी म्हणून खाणमालकांना, मळेवाल्यांना भाड्यानं द्यायची. अलाबामात ही पद्धत १९२८ पर्यंत चालली. केंद्राच्या घटनेतला तो अपवाद आजही तसाच आहे.

आता आपल्याकडे पाहू. हिंदुस्थानात इंग्रज सरकारनं गुलामीची कायदेशीर मान्यता काढली ती १८४३ साली, म्हणजे अमेरिकेच्या बावीस वर्षं आधी. तरीही त्यानंतर शंभर वर्षांनी आमच्या भागात ‘लग्नगडी’ होते. लग्नासाठी सावकाराकडून थोडे पैसे घ्यायचे आणि फेडण्यासाठी नवराबायकोनं त्याच्या दारात राबायचं. कर्ज फिटायचं नाही, राबणं थांबायचं नाही. कायदा कलकत्त्यात झाला होता. तो उंबरगाव तालुक्यात पोचलाच नव्हता. आजचे तलासरी तालुक्यातले पाडे तेव्हा त्याच तालुक्यात होते.

तो पोचवला वारल्यांनीच. २३ मे १९४५ रोजी झरी गावात किसान सभेची परिषद झाली. हजारो वारली जमले आणि वेठ करायची नाही, असं ठरलं. शामराव आणि गोदावरी परुळेकर त्यांच्याबरोबर होते. पुढे गवतकापणीचा संप झाला. १० ऑक्टोबरला तलवाड्याला जमलेल्या लोकांवर पोलिसांनी गोळीबार केला. जेठ्या गांगडसह पाच जण गेले. या लढ्याची हकीगत गोदावरीबाईंनी ‘जेव्हा माणूस जागा होतो’ या पुस्तकात लिहिली आहे. दहा वर्षांनंतर, डिसेंबर १९५५ मध्ये, त्याच अलाबामातल्या माँटगोमेरी शहरात रोझा पार्क्स बसमधल्या जागेवरून उठल्या नाहीत. तिथल्या कृष्णवर्णीयांनी ३८१ दिवस बसवर बहिष्कार घातला. इथे कोयता खाली ठेवला, तिथे लोक पायी चालले. दोन्हीकडे ज्याच्या श्रमावर आणि पैशावर गाडा चालत होता, त्यानंच तो थांबवला.

एका बाबतीत मात्र आपण पुढे होतो. १९५१-५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत निरक्षर वारली बाईला मताचा अधिकार होता. त्या वेळी अलाबामात कृष्णवर्णीय बाईला परीक्षा आणि कर यांच्या अडथळ्यांतून जावं लागे. तिला खरं संरक्षण मिळालं ते १९६५ च्या मतदान हक्क कायद्यानं. आणि त्याही कायद्यातली एक महत्त्वाची तरतूद तिथल्या सर्वोच्च न्यायालयाच्या २०१३ च्या निकालानं निष्प्रभ झाली. मिळालेला हक्कही राखावा लागतो.

म्हणून मला आपल्याकडची काळजी वाटते. वेठबिगारी निर्मूलनाचा कायदा १९७६ साली झाला. तरी दिवाळीनंतर आपल्या जिल्ह्यातले पाडेच्या पाडे ओस पडतात. कुणी वीटभट्टीवर जातं, कुणी बोटीवर, कुणी रेतीवर. जाण्याआधी मुकादमाकडून उचल घेतलेली असते. ती कधी लग्नासाठी, कधी आजारपणासाठी. हिशेब कुणाच्या वहीत, हे सांगायला नको. ठाणे-पालघर भागात वेठबिगारीचे गुन्हे या काही वर्षांतही नोंदले गेले आहेत. सगळीच उचल म्हणजे वेठ नव्हे. पण पैसे फिटेपर्यंत जाऊ देणार नाही, असं मालक म्हणाला की ती वेठच.

डहाणू आणि तलासरी हे दोन्ही तालुके पूर्णपणे अनुसूचित क्षेत्रात आहेत. इथल्या ग्रामसभेला पेसा कायद्याचं बळ आहे. मग दिवाळीआधीच्या ग्रामसभेत एक वही उघडायला काय हरकत आहे? कोण कुठल्या भट्टीवर चाललं, उचल किती घेतली, मजुरी काय ठरली, मुलं बरोबर जाणार की शाळेत राहणार, एवढंच तीत लिहायचं. शाळेतली मोठी मुलं हे काम सहज करतील. आजवर हिशेबाची वही मालकाकडेच राहिली. एक वही पाड्यावरही असू द्या.