पंचगंगेकाठचा समुद्रदेव

लंडन शहराच्या मध्यभागी, वॉलब्रुक नावाच्या बुजून गेलेल्या ओढ्याकाठी, १९५४ साली एका मोठ्या इमारतीच्या पायासाठी जागा खणली जात होती. महायुद्धातील बाँबवर्षावाने ती मोकळी झाली होती. तेथे ग्राइम्स या संशोधकांना एक लांबट वास्तू सापडली. मध्ये सभामंडपासारखा भाग, दोन्ही अंगांस स्तंभांच्या ओळी, टोकाला अर्धवर्तुळाकार गाभारा. देऊळ कोणाचे, हे मात्र कळेना. उत्खननाची ठरलेली मुदत संपावयाच्या दिवशी, १८ सप्टेंबरला, मातीतून एका तरुण देवाचे संगमरवरी मस्तक वर आले. तो मिथ्रास होता. रोमन सैनिकांचा नि व्यापाऱ्यांचा देव. ते पाहावयास लोकांची रीघ लागली आणि देवळाचे काय करावयाचे, हा प्रश्न थेट मंत्रिमंडळापुढे गेला.

मिथ्रास हे नाव ऐकताच आपल्याला ऋग्वेदातील मित्र आठवतो, आणि ते स्वाभाविकच आहे. तुर्कस्तानातील बोगाझक्योई येथे मिळालेल्या, इसवी सनापूर्वी चौदाव्या शतकातील तहनाम्यातही मित्र, वरुण, इंद्र आणि नासत्य यांना साक्षीस बोलाविलेले आहे. पण वृषभाचा वध करणारा, भुयारासारख्या मंदिरात गुप्तपणे पूजिला जाणारा रोमन मिथ्रास ऋग्वेदात कोठेच नाही. नाव प्रवास करते, त्याबरोबर देव सबंधच्या सबंध प्रवास करतो असे नव्हे. आपल्याकडे अशा नामसाम्यावर फार मोठे इमले उभारले जातात, म्हणून एवढे सांगितले.

उलट दिशेने आलेला एक देव मात्र आपल्या घरात आहे. कोल्हापूरला पंचगंगेच्या काठी ब्रह्मपुरी नावाची टेकडी आहे. १९४५-४६ साली डेक्कन कॉलेजतर्फे डॉ. सांकलिया आणि डॉ. दीक्षित यांनी तेथे उत्खनन केले. त्याच्या थोडे आधी, प्रा. कुंदनगार यांच्या प्रयत्नांनी, तेथेच इतर काशाच्या वस्तूंबरोबर पोसायडन या समुद्रदेवाची छोटी मूर्ती मिळाली होती. दाढीधारी, उघड्या अंगाचा देव. उंचावलेल्या हातातला त्रिशूळ मात्र नाहीसा झालेला. समुद्र कोठे आणि कोल्हापूर कोठे! मधे सह्याद्रीचे घाट. पण सातवाहनांच्या काळी पैठणहून अकीकासारखे दगड आणि तेरहून कापड गाड्यांतून भडोचच्या बंदराकडे जात असे, हे त्या काळच्या एका ग्रीक खलाशाच्या वृत्तांतात लिहिलेले आहे. बदल्यात येणाऱ्या मालात धातूची भांडी येत, मद्य येई, तसा हा देवही आला असावा.

मग कोल्हापुरात रोमन देऊळ होते काय? मला तसे वाटत नाही. देऊळ म्हटले की भिंती हव्यात, वेदी हवी, अर्पण करणाऱ्याचे नाव हवे. वॉलब्रुकहून १८८९ सालीच वृषभवधाचे एक शिल्प मिळाले होते. त्यावर उल्पियस सिल्वानस या निवृत्त सैनिकाने आपला नवस फेडल्याचे कोरलेले आहे. ब्रह्मपुरीच्या मूर्तीजवळ असे काहीच नाही. ज्याने ती विकत घेतली, त्याने तिला देव मानले, की परदेशी कारागिरीचा नमुना म्हणून कोनाड्यात ठेवले? एका जुन्या रोमन मार्गनकाशात केरळच्या मुझिरिस बंदराशेजारी ऑगस्टसचे मंदिर दाखविले आहे. तेही अद्याप जमिनीतून वर आलेले नाही.

हे मी व्हाइटफील्डहून बोलत आहे. १८८२ साली अँग्लो-इंडियन कुटुंबांची शेतकरी वसाहत म्हणून हे गाव वसले. आज येथे यंत्रे दोन-दोन, तीन-तीन मजले खोल जमीन खणीत आहेत. बंगळूरच्या मातीत रोम नाही असे कोणी समजू नये. १८९१ साली यशवंतपूरजवळ रेल्वेच्या कामात १६३ रोमन रौप्य नाणी निघाली. येथून जवळच्या एच.ए.एल. विमानतळाच्या परिसरातही रोमन नाणी मिळाली आहेत.

शासकीय सेवेतील मनुष्य म्हणून एक गोष्ट सांगतो. १८७८ च्या निखात निधी अधिनियमाप्रमाणे दहा रुपयांहून अधिक किमतीचे, जमिनीत दडलेले काहीही सापडले, तर जिल्हाधिकाऱ्यास लेखी कळवावे लागते. निधी बेवारस ठरला आणि वेगळा करार नसला, तर तीन चतुर्थांश हिस्सा शोधणाऱ्याचा आणि एक चतुर्थांश जागेच्या मालकाचा. सरकारला तो मोबदला देऊन घेता येतो. यंत्र चालविणाऱ्या मजुराला हे ठाऊक नसते, आणि ज्यांना ठाऊक असते त्यांना काम थांबण्याची भीती वाटते.

लंडनलाही ती भीती होतीच. देवळाचे दगड उचलून बाजूला ठेवले गेले, १९६२ साली मूळ जागेपासून काही अंतरावर रस्त्याकडेला सिमेंटमध्ये बसविले गेले, आणि त्यावर पुष्कळ टीका झाली. २०१७ साली ते पुन्हा मूळ जागेनजीक, नव्या इमारतीच्या तळघरात, रस्त्याच्या पातळीखाली सुमारे सात मीटरवर मांडण्यात आले. वर कार्यालय चालू असते, आणि खाली लोक देऊळ पाहतात.