चेंडू न मिळणाऱ्याची धाव
(हीरक महोत्सवानिमित्त झालेल्या क्रीडासत्रातील भाषण)



अमेरिकन फुटबॉल पडद्यावर प्रथम पाहणाऱ्यास तो नुसत्या धक्काबुक्कीचा खेळ वाटतो. त्याच्या सरावाचे मैदान मात्र एखाद्या काटेकोर वर्गासारखे असते. 1906 मध्ये नियमांनी चेंडू पुढे फेकण्यास मान्यता दिली आणि तेथील प्रशिक्षकांपुढे एक प्रश्न उभा राहिला. फेकणारा एक, झेलणारे अनेक. त्यांच्या धावा एकमेकींत कशा गुंफाव्यात?

झेलणारा गडी मनास येईल तसा पळत नाही. त्याची वाट पावलांच्या संख्येपर्यंत आखलेली असते. तिला ‘रूट’ म्हणतात. अशा वाटांची सांगड घातली की डाव सिद्ध होतो. ‘स्मॅश’ ही जोडी त्याचे सोपे उदाहरण होय. कडेचा गडी पाच-सहा यार्ड धावून थबकतो आणि क्वार्टरबॅककडे, म्हणजे फेकणाऱ्याकडे, वळतो. आतल्या बाजूचा गडी दहा-बारा यार्ड सरळ जाऊन मैदानाच्या कडेकडे तिरका वळतो. प्रतिपक्षाचे गडी आपापला टापू राखत असतील, तर त्या कडेच्या रक्षकापुढे पेच पडतो. तो पुढे आला तर चेंडू त्याच्या डोक्यावरून लांबच्या गड्याकडे जातो. मागे हटला तर जवळच्या गड्यास मिळतो. क्वार्टरबॅकने सारे मैदान न्याहाळायचे नसते. त्या एका रक्षकाची हालचाल वाचायची असते.

हे शिकवण्यास क्रम लागतो. आधी प्रतिस्पर्ध्याविना केवळ पावले घोटली जातात. मग रक्षकाच्या जागी प्रशिक्षक स्वतः उभा राहतो. तो कधी पुढे येतो, कधी मागे सरतो, आणि फेकणाऱ्याने त्यानुसार निर्णय घ्यायचा असतो. त्यानंतर खरे रक्षक येतात आणि अखेरीस अकरा विरुद्ध अकरा असा सराव होतो. झेलणारा पुरता वळण्याआधीच चेंडू हातातून सुटला पाहिजे, इतका परस्परविश्वास या सरावातून यावा लागतो.

यातील सर्वांत अवघड पाठ असतो तो चेंडू न मिळणाऱ्याचा. आपल्याकडे चेंडू येणार नाही असे वाटून तो गडी मंदावला, तर रक्षक त्यास सोडून दुसऱ्याकडे धावतो आणि दोन्ही वाटा बंद होतात. म्हणून जाणता प्रशिक्षक झेल घेणाऱ्याची पाठ थोपटण्यापूर्वी रिकाम्या हातांनी परतलेल्याची धाव तपासतो.

बिल वॉल्श हे या विद्येचे थोर आचार्य. 1970 मध्ये सिनसिनाटीच्या संघात ते साहाय्यक प्रशिक्षक होते. तेथील व्हर्जिल कार्टर या क्वार्टरबॅकची फेक लांब जात नसे, पण अचूक असे. वॉल्श यांनी त्यास दोष दिला नाही. त्याच्या हातास पेलतील अशा आखूड वाटा रचल्या. शिष्याच्या उणिवेतून पद्धती जन्मली.

पुढे ते सॅन फ्रान्सिस्को संघाचे मुख्य प्रशिक्षक झाले. 10 जानेवारी 1982 रोजी डॅलसविरुद्ध सामन्याचे जेमतेम एक मिनिट उरले होते आणि संघ पिछाडीवर होता. ठरलेल्या डावात पहिली निवड होती फ्रेडी सॉलोमन. याच डावावर त्याने त्या दिवशी आधी गुण मिळवले होते. या वेळी त्याचा पाय घसरला. क्वार्टरबॅक जो मॉन्टाना उजवीकडे पळत राहिला. प्रतिस्पर्धी अंगावर आले. तेवढ्यात अंतिम पट्ट्याच्या मागच्या रेषेलगत धावणाऱ्या ड्वाइट क्लार्कच्या दिशेने त्याने चेंडू उंच सोडला आणि क्लार्कने उडी मारून तो बोटांच्या टोकांवर झेलला. सामना 28-27 असा जिंकला गेला. लोकांस तो चमत्कार वाटला. परंतु ती दुसरी वाटही सरावात घोटलेली होती. पहिली वाट खुंटली तरी क्लार्क थांबला नव्हता.

महाराष्ट्राबाहेर मराठी शाळा साठ वर्षे चालते, तीही अशाच धावांवर. गौरवफलकावर मोजकी नावे येतात. ज्यांचे नाव कोठेही लागले नाही, असे शिक्षक, शिपाई, पालक आणि मागच्या बाकावरचे विद्यार्थी आपापली वाट पुरी धावले, म्हणून इतरांस मैदान मोकळे मिळाले. हीरक महोत्सवाच्या प्रसंगी त्या धावांची नोंद व्हावी, एवढेच या खेळाच्या निमित्ताने सांगणे आहे.