थांबलेला गर्भ

युरोपांतील रानांत ‘रो’ नांवाचें एक लहान हरीण आहे. त्याचा समागमकाल जुलै-ऑगस्ट. पाडसें मात्र मे-जूनमध्यें जन्मतात. एवढ्याशा जनावरास दहा महिने कशास हवेत? बिशॉफ या जर्मन शास्त्रज्ञानें १८५४ सालीं याचा उलगडा केला. फलित बीज सुमारें पांच महिने गर्भाशयांत जवळजवळ निश्चल असतें. हिंवाळ्यांत, डिसेंबर-जानेवारीच्या सुमारास, तें झपाट्यानें वाढूं लागतें. म्हणून पाडस कोंवळ्या गवताच्या दिवसांत जन्मतें.

मग थांबतें कोण, गर्भ कीं कूस? उंदरीची पिलें अंगावर पीत असलीं, तर तिच्या कुशींतील नवे गर्भ थांबून राहतात. बीजकोशांतून इस्ट्रोजेन हा स्राव अल्प मात्रेनें मिळाला, कीं कूस सज्ज होते आणि गर्भ वाढूं लागतात. मेंढीचा गर्भ एरवीं असा थांबत नाहीं. इटलींतील संशोधकांनीं २०१२ सालीं मेंढीचे गर्भ उंदरीच्या अशा कुशींत ठेविले; तेथें तेही थांबले! पुढें ते मेंढीच्या कुशींत ठेवितांच वाढले व धडधाकट कोंकरें जन्मलीं.

वाफसा नसतां बीं उगवलें नाहीं, तर शेतकरी बियाण्यास दोष देत नाहीं. मी मात्र पस्तीस वर्षें शाळेंत शिकवितांना मागें राहिलेल्या मुलांना ‘मठ्ठ’ म्हणून छडी मारिली. माझा वर्गच त्यांना प्रतिकूल होता काय, हा प्रश्न तेव्हां मला सुचला नाहीं. आतां तो रोज सुचतो.