ना चाल, ना माघार

दोन सैन्ये समोरासमोर उभी ठाकल्याची बातमी आली, की ‘स्टँडऑफ’ हा इंग्रजी शब्द तिच्यात हटकून येतो, आणि आपण त्याला कधी ‘संघर्ष’ तर कधी ‘कोंडी’ म्हणून मोकळे होतो. परंतु संघर्षात हातघाई असते, कोंडीत बहुधा एकाच पक्षाची वाट अडते, आणि येथे तर दोन्ही पक्ष शस्त्रसज्ज असूनही वार कोणीच करीत नाही. दर्यावर्दी लोकांच्या इंग्रजीत जहाजाने किनाऱ्यापासून दूर राहण्यालाही हीच संज्ञा आहे, आणि हे राखलेले अंतर हेच या शब्दाचे मर्म होय.

त्याचे उत्कृष्ट उदाहरण १९६१ च्या ऑक्टोबरात बर्लिनने पाहिले. भिंत उभी राहू लागून जेमतेम दोन महिने लोटले होते. २२ तारखेस ॲलन लाइटनर नावाचे अमेरिकन मुत्सद्दी सपत्नीक पूर्व बर्लिनमध्ये संगीतनाट्यास निघाले असता पूर्व जर्मन पहारेकऱ्यांनी त्यांच्याकडे दस्तऐवज मागितले. तपासणीचा अधिकार असलाच तर तो सोव्हिएत अंमलदारांचा, या पहारेकऱ्यांचा नव्हे, अशी अमेरिकेची भूमिका असल्याने हा क्षुल्लक वाटणारा वाद हक्काचा झाला. अमेरिकेचे जनरल क्ले यांनी रणगाडे हद्दीवर आणले आणि २७ तारखेस सोव्हिएत रणगाडेही हद्दीवरील चेकपॉइंट चार्ली या नाक्याच्या पलीकडे येऊन थांबले. शंभर-एक यार्डांच्या अंतराने, एकमेकांवर तोफा रोखून, त्यांनी ती रात्र काढली.

गोळी कोणाला झाडायची नव्हती, पण आधी मागे सरणे म्हणजे हक्क सोडल्याची कबुली ठरली असती. धरले तर चावते, सोडले तर पळते, अशी दोघांचीही गत! अखेर केनेडी व ख्रुश्चेव्ह यांच्यात पडद्याआडून निरोप गेले, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी प्रथम एक सोव्हिएत रणगाडा किंचित मागे सरला, मग एक अमेरिकन, आणि याच क्रमाने दोन्ही बाजूंनी आपली इभ्रत शाबूत राखून मैदान मोकळे केले.

तेव्हा संपातील बोलणी फिसकटली म्हणजे तो स्टँडऑफ नव्हे, त्यास डेडलॉक म्हणावे. मात्र घरात दडलेल्या सशस्त्र इसमास पोलिसांनी वेढले असून आत शिरण्यास ते कचरतात आणि बाहेर येण्यास तो धजत नाही, तेथे हा शब्द बिनदिक्कत योजावा. तहाने वा लढाईने वादाचा निकाल लागतो. स्टँडऑफ संपला, तरी वाद शिल्लकच असू शकतो, आणि रणगाडे परतल्यावरही बर्लिनची भिंत १९८९ पर्यंत उभीच होती.