दुसरा प्रश्न



निवडणूक लागली की खानापूर तालुक्यातल्या आमच्या गुंजीत येणारा उमेदवार आधी माउलीच्या देवळात जातो. नारळ वाढवतो, नमस्कार करतो आणि मग एखाद्या कार्यकर्त्याच्या अंगणात कोपरा सभा होते. ओवाळणी होते, हार पडतो, माईक हातात येतो. तिथं तो अडखळत नाही. अडखळायचं कारणच नसतं. ऐकणारे आपले, बोलावणारा आपला, आणि भाषण संपल्यावर होतो तो चहा, प्रश्न नव्हेत. हाच माणूस संध्याकाळी एखाद्या वृत्तवाहिनीच्या चर्चेत दिसला, तर पुष्कळदा ओळखू येत नाही. तेच वाक्य तीनदा म्हणतो, नाही तर आवाज चढवतो. मग आपण विचारतो, यातला खरा कुठला?

असंच एक उदाहरण साऱ्या जगानं पाहिलं. २७ जून २०२४ रोजी अमेरिकेत अटलांटा इथं ज्यो बायडेन आणि डोनाल्ड ट्रम्प यांचा वादविवाद झाला. समोर प्रेक्षक नव्हते, हातात लिहून आणलेला कागद नव्हता. बायडेन यांची वाक्यं मध्येच सुटत होती. दुसऱ्याच दिवशी रॅले शहरातल्या स्वतःच्या पक्षाच्या सभेत तेच बायडेन जोरकस बोलले. समोर मजकूर सरकत होता, लोक घोषणा देत होते. आपल्याला पूर्वीसारखा वादविवाद जमत नाही, हेही त्यांनी तिथं मोकळेपणानं सांगितलं. पण सभेनं वादविवादाची भरपाई झाली नाही. २१ जुलैला त्यांनी उमेदवारी सोडली.

आपल्या भागात कुस्ती सगळ्यांना कळते, म्हणून सांगतो. तालमीत रोजच्या जोडीदाराला चीत करणारा पैलवान फडात अनोळखी जोडीसमोर कसा उभा राहतो, ते फडातच कळतं. तालमीतली मेहनत खोटी नसते, पण तेवढ्यावर निकाल कुणी लावत नाही.

आता कुणी म्हणेल, म्हणजे टीव्हीवरचा वादविवाद हीच खरी कसोटी. मला तसं वाटत नाही. २६ सप्टेंबर १९६० रोजी शिकागोत केनेडी आणि निक्सन समोरासमोर आले. अध्यक्षपदाच्या उमेदवारांचा तो टीव्हीवरचा पहिला वादविवाद. निक्सन गुडघ्याच्या दुखण्यातून नुकतेच उठले होते, चेहरा ओढलेला होता. केनेडी टवटवीत दिसत होते. रेडिओवर ऐकणाऱ्यांना निक्सन जिंकले असं वाटलं आणि टीव्ही पाहणाऱ्यांना केनेडी, अशी गोष्ट तेव्हापासून सांगितली जाते. रेडिओवर बोलणाऱ्या माणसाला ही गोष्ट फार आवडावी अशीच आहे! पण तिचा आधार तुटपुंजा असल्याचं अभ्यासकांनी नंतर दाखवून दिलं. एवढं मात्र खरं, की कॅमेरा चेहराही मोजतो, आणि चेहऱ्यावरून कारभार कळत नाही.

आपल्याकडच्या वाहिन्यांवर तर वादविवाद असतो कुठे? पडद्यावर सहा चौकोन, सहा माणसं एकदम बोलताहेत, आणि निवेदक सातवा. एकाचं उत्तर पुरं होण्याआधी दुसरा तुटून पडतो. कोपरा सभेत पहिलाच प्रश्न नसतो आणि इथं प्रश्न असतो, पण दुसरा नसतो. दुसरा प्रश्न म्हणजे उत्तर ऐकून घेऊन, त्या उत्तरातूनच काढलेला प्रश्न. माझ्या मते उमेदवार तिथंच कळतो.

आणि असा दुसरा प्रश्न विचारायला वैर लागत नाही. २१ फेब्रुवारी २०१८ रोजी पुण्यात राज ठाकरे यांनी शरद पवार यांची जाहीर मुलाखत घेतली. दोघांचे पक्ष वेगळे, पण सूर आदराचा, मैफलीचा. त्या मैफलीत पवारांनी आरक्षण जातीऐवजी आर्थिक निकषावर असावं, असं मत मांडलं आणि दुसऱ्या दिवशी महाराष्ट्रभर त्याचीच चर्चा झाली. आरडाओरड्याच्या चर्चेत असं मत बाहेर आलं असतं का? उलट बाजूही आपण पाहिलेली आहे. २००७ मध्ये करण थापर यांनी गुजरातच्या दंगलींविषयी पुन्हा पुन्हा विचारलं, तेव्हा नरेंद्र मोदी यांनी ती मुलाखत काही मिनिटांतच थांबवली. जानेवारी २०१४ मध्ये अर्णब गोस्वामी यांच्यासमोर राहुल गांधी पुरा वेळ बसले, पण विचारलं एक तरी महिला सक्षमीकरण आणि माहितीचा अधिकार यांकडेच वळत राहिले. दोघंही सभा गाजवणारे नेते. एक उठून गेला, दुसरा बसून राहिला. उत्तर मात्र दोन्हीकडे राहूनच गेलं.

प्रश्न विचारणारा पत्रकारच हवा असंही नाही. १९९२ साली अमेरिकेत रिचमंड इथं सामान्य मतदारांनी अध्यक्षपदाच्या उमेदवारांना प्रश्न विचारले. देशाच्या कर्जाची झळ तुम्हाला स्वतःला कशी लागली, असं एका बाईनं विचारलं. तेव्हाचे अध्यक्ष थोरले बुश गोंधळले, प्रश्नच नीट कळला नाही म्हणाले. त्याच कार्यक्रमात त्यांनी घड्याळ पाहिलं, तेही कॅमेऱ्यानं टिपलं. त्यांचे प्रतिस्पर्धी क्लिंटन त्या बाईजवळ गेले आणि तिला कशी झळ लागली, ते आधी विचारलं. त्या बाईला राजकारणाचे डावपेच ठाऊक नसतील, पण मंदीत कुणाकुणाची नोकरी गेली ते ठाऊक होतं.

उमेदवारांना असं समोरासमोर विचारणं आपल्या देशात अजून रुजलेलं नाही. १९७७ पासून मान्यताप्राप्त पक्षांना आकाशवाणी आणि दूरदर्शनवर प्रचाराची वेळ मिळते, पण भाषण आधी लिहून द्यावं लागतं आणि ते वाचायचं असतं. मे २०२४ मध्ये निवृत्त न्यायमूर्ती मदन लोकूर, अजित शहा आणि पत्रकार एन. राम यांनी मोदी आणि राहुल गांधी यांना जाहीर चर्चेचं निमंत्रण दिलं. गांधींनी ते स्वीकारलं, चर्चा काही झाली नाही. उमेदवारांची संख्या ही अडचणही खरीच. आपल्या बेळगावात १९९६ च्या लोकसभेला ४५६ उमेदवार उभे होते. महाराष्ट्र-कर्नाटक सीमाप्रश्नाकडे देशाचं लक्ष जावं म्हणून महाराष्ट्र एकीकरण समितीनं ते घडवलं होतं. एवढ्यांना एका व्यासपीठावर बसवायचं तर व्यासपीठच मैदानाएवढं हवं!

तरीही आपल्या खानापूर तालुक्याला अशा चर्चेची गरज इतरांपेक्षा जास्त आहे. आपण जिल्ह्यानं बेळगावचे, पण लोकसभेला उत्तर कन्नड मतदारसंघात. खासदारकीचा उमेदवार आपल्याकडे मराठीत मतं मागतो, कारवारात कोकणीत, शिरसीत कन्नडमध्ये. भाषा बदलली याची तक्रार नाही, तो तर मान आहे. पण गुंजीत दिलेला शब्द शिरसीला ऐकू जात नाही आणि शिरसीतला आपल्याला. म्हादईच्या पाण्याचंच पाहा. म्हादई पाणीतंटा लवादानं ऑगस्ट २०१८ मध्ये कळसा-भांडुरा प्रकल्पासाठी ३.९ टीएमसी पाणी मलप्रभेत वळवायला मान्यता दिली. पाणी जाणार आपल्या तालुक्यातून, पोचणार हुबळी-धारवाडला, आणि हरकत गोव्याची. आपल्या कणकुंबीत एक, हुबळीत दुसरं आणि पणजीत तिसरं बोलणं कुठल्याही मोठ्या पक्षाला परवडतं, कारण तिन्ही ठिकाणचे श्रोते एकत्र बसत नाहीत. सगळ्यांसमोर एकदाच बोलायला लावणं, हा टीव्हीवरच्या चर्चेचा खरा उपयोग आहे. तो करून घेतला जात नाही, ही गोष्ट वेगळी.

मग आपण काय करावं? सुरुवात लहान निवडणुकीपासून करावी. कर्नाटकात ग्रामपंचायतीची निवडणूक पक्षाच्या चिन्हावर होत नाही. वॉर्डात उमेदवार मोजके असतात आणि एकमेकांच्या घरचं सारं जाणून असतात. अशा वेळी वॉर्डातल्या सगळ्या उमेदवारांना एकाच सतरंजीवर बसवावं. प्रत्येकाला सारखी मिनिटं द्यावीत. घोषणा नाहीत, हार नाहीत. विचारणारा असा निवडावा की ज्याला कुणाकडून काही घ्यायचं नाही. उमेदवार म्हणेल, जंगलाकडच्या वाडीला रस्ता करून देतो. त्यावर टाळ्या वाजवू नयेत आणि हुर्योही करू नये. शांतपणे विचारावं, वनखात्याची परवानगी कोण आणणार? अर्ज गेला आहे का? पैसे कुठल्या योजनेतून? गव्यांनी भात खाल्लं तर भरपाईच्या अर्जामागे कोण फिरणार?

यात ज्याला उत्तर येत नाही, तो वाईट असं मी म्हणणार नाही. 'मला माहीत नाही, विचारून पुढच्या आठवड्यात सांगतो' असं सगळ्यांदेखत म्हणणारा आणि पुढच्या आठवड्यात खरोखर येणारा उमेदवार मला चालेल. फर्डं बोलणाऱ्यापेक्षा तो जास्त चालेल. निवडून आल्यावर त्याचं अर्धं काम कचेऱ्यांमध्ये विचारत फिरण्याचंच असतं. आणि तो निवडून आला, की ग्रामसभा आहेच. कायद्यानं ती सहा महिन्यांतून एकदा तरी भरवावी लागते. त्या दिवशी शेतातली कामं थोडी बाजूला ठेवून जा, आणि निवडणुकीत विचारलेला प्रश्न तिथं पुन्हा विचारा.